आधी रसम

तुझं लग्न वैकासीत ठरलं ते छान झालं. आपला चातुर्मास लागायच्या आधी, तुझ्या तमिळ सासरचा आडी महिनाही लागायच्या आधी. साड्या, हॉल, मानपान यांवर आई आणि मावशी तुझ्याशी रोज बोलतात, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते तिकडच्या जेवणाबद्दल. तू म्हणशील, ताई, इडली-डोसा येतो की मला. येतो, ठाऊक आहे मला. पण इडली-डोसा हा तिकडचा नाश्ता, नाहीतर रात्रीचं हलकं खाणं. दुपारचं खरं जेवण भाताचं. तो भात कशाकशाबरोबर जेवतात, कशानंतर काय वाढतात, कुठल्या सणाला कुठलं पातेलं चुलीवर चढतं, हे समजायला लागलं की त्या घरातली माणसंही समजायला लागतात. तिरुच्चीत संसार करताना मला हे फार जाणवलं, म्हणून तुला आधीच सांगतेय.

माझं ऐकशील तर सगळ्यात आधी रसम शीक. सांबार नंतर, अवियल नंतर, पायसम तर फारच नंतर. कारण विचारशील तर ऐक. सण वर्षातून एकदा येतो आणि त्या दिवशी अत्तै म्हणजे सासूबाई, नणंद, शेजारीण, सगळ्या मदतीला असतात. सणाचा पदार्थ तुझ्या एकटीवर कधीच पडणार नाही. रसम मात्र रोजचं. लहान मुलाला पहिला भात भरवतात त्यात रसम किंवा वरणाचं पाणी, तापातून उठलेल्याला रसम, प्रवासातून दमून आलेल्याला रसम. आणि चिंच, हिंग, मिरी, तूप या चार गोष्टींवर हात बसला की तमिळ स्वयंपाकातलं पुढचं पुष्कळ सोपं होतं.

आपलं आमसुलाचं किंवा टोमॅटोचं सार डोळ्यांसमोर आणू नकोस, नाहीतर हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जाईल. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजव, पातळ कोळ काढ. त्यात टोमॅटो चुरडून टाक, मीठ, हळद, हिंग घाल आणि उकळू दे. किती वेळ, असं घड्याळ बघून विचारू नकोस, वास घे. चिंचेचा कच्चा उग्र वास गेला पाहिजे. अत्तै तुला दहा वेळा म्हणतील, ‘पच्चै वासनै पोगणुम’, म्हणजे हेच. तो गेला की रसमपूड घालायची आणि तूरडाळीचं वरचं निवळ पाणी. रसमपुडीत धणे, मिरी, जिरं, थोडी तूरडाळ, सुक्या मिरच्या. डाळीचं पाणी घातलं की गॅस मंद, आणि तू तिथून हलायचं नाहीस. कडेनं फेस धरायला लागतो, मग मधोमध वर येतो, सगळं पातेलं फेसानं भरतं. तिथंच बंद करायचं. त्यानंतर ते खळखळून उकळलं तर वास उडून जातो आणि चव कडवट होते. वरून तुपाची फोडणी, मोहरी, जिरं, लाल मिरची, कढीपत्ता. मग कोथिंबीर, आणि झाकण.

जुन्या घरांत रसमसाठी कथलाचं भांडं असतं, त्याला ईय चोंबू म्हणतात. त्यात उकळलेल्या रसमला एक वेगळीच चव येते. पण कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे ते भांडं रिकामं कधीही गॅसवर ठेवायचं नाही. आधी चिंचेचं पाणी ओतायचं, मगच खाली जाळ, आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करायची. नवीन घेणार असशील तर जाणत्या माणसाला बरोबर घेऊन खात्रीच्या दुकानातून घे. शिशाची भेसळ असलेली भांडीही बाजारात येतात आणि शिसं पोटात जाणं वाईट. खात्री नसेल तर स्टीलमध्ये कर, रसम चांगलंच होतं.

रसम जमलं की कुळंबु. कुळंबु म्हणजे भातावर घ्यायचं दाटसर कालवण, आणि सांबार हा त्यातला एक प्रकार. सांबारात डाळ असते. आपल्या आमटीत गोडा मसाला आणि गुळाचा खडा, तिथं यातलं काहीच नाही. धणे, हरभरा डाळ, सुक्या मिरच्या, थोडी मेथी तेलावर भाजून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि ते वाटण शिजलेल्या भाजीत आणि चिंचेच्या कोळात सोडायचं. याला अरैच्चुविट्ट सांबार म्हणतात. पुडीचं सांबार रोजचं, पाहुण्यांना हे करतात. लहान लाल कांदे, ज्यांना ते चिन्न वेंगायम म्हणतात, ते अख्खे टाकायचे. सोलायला वेळ जातो, पण मोठा कांदा चिरून ती चव येत नाही. हे काम नवऱ्याला दे. गंमत म्हणून सांगत नाही. स्वयंपाकघर तुम्हा दोघांचं असू दे, आणि ते पहिल्या आठवड्यापासूनच असू दे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो वत्तकुळंबु. यात डाळ नाही. घट्ट चिंचेचा कोळ, आणि त्यात वाळवलेली सुंडक्काय किंवा मणत्तक्काळी. ही दोन्ही छोटी, कडसर फळं. ताक-मिठात मुरवून उन्हात कडकडीत वाळवतात, वर्षभर टिकतात. आपण उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतो ना, त्याच दिवसांत तिकडच्या गच्च्यांवर वत्तल आणि वडाम वाळत असतात. वत्तकुळंबुला तिळाचं तेल हवंच, आणि हात आखडता घेऊन चालत नाही. त्याला नल्लेण्णै म्हणतात, घाण्याचं असलं तर उत्तम. तीळ गाळताना त्यात ताडगूळ घालतात, म्हणून त्याला तो सोनेरी रंग आणि गोडसर वास. कुळंबु आटत आटत तेल कडेला सुटलं की झालं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. त्याबरोबर भाजलेला अप्पळम आणि डाळीची चटणी, म्हणजे परुप्पु तोगयल. पावसात हे जेवण करून बघ आणि मला सांग.

आता वाढणं. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पानाच्या वरच्या अर्ध्यात मीठ, लोणचं, पच्चडी, पोरियल, कूट्टु. खालच्या अर्ध्यात भात. पच्चडी म्हणजे कोशिंबिरीसारखं तोंडीलावणं. पोरियल म्हणजे मोहरी-उडदाच्या डाळीच्या फोडणीची, वरून खोबरं घातलेली कोरडी भाजी. कूट्टु म्हणजे मूगडाळीत किंवा हरभरा डाळीत शिजवलेली भाजी, खोबरं-जिऱ्याच्या वाटणाची. भात एकदाच वाढून संपत नाही. पहिला भात साधं वरण आणि तूप घालून. मग सांबार किंवा कुळंबु. मग पुन्हा भात, आता रसम. पायसम त्यानंतर, आणि शेवटी ताक किंवा दही घालून भात. जड, तिखट, आंबट असं सगळं खाऊन झाल्यावर पोट निवत जातं अशी ती रचना आहे, आणि मला ती फार शहाणी वाटते. आपल्याकडची माणसं पहिल्याच भातावर सांबार घेऊन पोट भरून टाकतात आणि रसम आलं की नको म्हणतात. तू तसं करू नकोस. पहिला भात थोडा घे. जेवण झालं की पान आपल्या बाजूला, म्हणजे वरचा अर्धा भाग खाली घेऊन मिटायचं. विरुद्ध दिशेनं मिटतात ते दुखवट्याच्या जेवणाला. ही एवढी एक गोष्ट बाबांना आणि काकांनाही सांगून ठेव, लग्नात उपयोगी पडेल. उष्ट्या-खरकट्याचे नियम आपल्या आजीच्या घरासारखेच काटेकोर आहेत. पातेल्यातला डाव पानाला लागू द्यायचा नाही, उष्ट्या हातानं काही घ्यायचं नाही.

दहीभातावरून एक सांगते. गरम मऊ भात चांगला घोटून त्यात आधी दूध घालतात आणि दही थोडंसंच. डबा उघडेपर्यंत ते दूध विरजून जातं आणि भात आंबट न होता दह्याचा होतो. रेल्वेच्या प्रवासाला हाच डबा. बरोबर मिठाच्या पाण्यात मुरलेल्या कोवळ्या कैऱ्या, मावडू. त्या मिळाल्या तर माझ्यासाठी एक बरणी ठेव.

तांदूळ घेताना गोंधळू नकोस. रोजच्या भाताला बहुतेक घरांत उकडा तांदूळ, पुळुंगल अरिसी. आपल्या कोकणातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण आपण कोल्हापूरकडचे, आपल्याला वेळ लागतो. पोंगल, पायसम, कोळुक्कट्टै यांना कच्चा तांदूळ, पच्चरिसी. इडलीचा उकडा तांदूळ वेगळा, जाड आणि बुटका. इडलीला ४ वाट्या तांदळाला १ वाटी अख्खे सोललेले उडीद आणि चमचाभर मेथी. उडीद स्वतंत्र वाटायचे, गार पाण्याचे हबके मारत, पीठ हलकं होऊन फुलून येईपर्यंत. मिक्सरमध्ये ते तापतं आणि फुलत नाही, म्हणून तिकडे घरोघरी दगडाचा वेट ग्राइंडर. कोइंबतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, इतकं ते त्या गावाचं वैशिष्ट्य. आहेरात काय हवं म्हणून आत्या विचारत होत्या ना, तोच सांग. तुम्ही चेन्नईत राहणार, तिथल्या उकाड्यात पीठ चटकन फुगतं, रात्रभर ठेवायची गरज नाही. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, आंबट झालं की कांदा-मिरची घालून कुळी पणियारम, आपल्या आप्पेपात्रातच.

आणि कॉफी. आपल्या घरी चहा, मला ठाऊक आहे तुला कॉफीचा वासही सहन होत नव्हता. पण त्या घरात कुणी आलं की विचारतात कॉफीच. तू पिऊ नकोस, पण करायला शीक. पितळेचं किंवा स्टीलचं दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्यात पूड घालून ती चकतीनं हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. खाली ठिबकत जमतो तो अर्क, त्याला डिकॉक्शन म्हणतात. दूध ताजं तापवलेलं हवं. पूड एकदम किलोभर आणू नकोस, थोडी थोडी दळून आण, आणि चिकोरी किती घालायची ते घरचं प्रमाण विचारून घे. त्यावर माणसं फार ठाम असतात. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अत्तैंबरोबर पहिली कॉफी घेतलीस तर तिथं जे बोलणं होतं ते दिवसभरात पुन्हा होत नाही. भाषा येत नसली तरी बस तिथं.

आता जरा अवघड विषय. तुझ्या सासरी मांसाहार नाही. शैव घर आहे, तिरुनेलवेलीत अशी बरीच घरं आहेत. कांदा-लसूण रोजच्या जेवणात चालतो, पण व्रताच्या दिवशी आणि नैवेद्याला नाही, हे तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं मला सांगितलं. आपल्याकडे रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा. चेन्नईच्या तुमच्या घरात काय शिजेल आणि काय नाही, हे तुम्ही दोघं लग्नाआधी ठरवा, स्पष्ट बोलून ठरवा, आणि अत्तै राहायला येतील तेव्हा काय करायचं तेही ठरवा. मनात ठेवलंस तर ते कुठल्यातरी भलत्याच भांडणात बाहेर येईल.

पण तमिळ जेवण म्हणजे शाकाहारी जेवण असं मात्र समजू नकोस. आपल्याकडे तसं बोलतात, कारण आपण उडप्यांची हॉटेलं बघितलेली, आणि तीसुद्धा मूळ कर्नाटकातली. बहुसंख्य तमिळ माणसं मासे-मटण खातात. आमच्या घरी रविवारी मटण कुळंबु असतो. मासळीबाजारात वंजिरम म्हणून जो मासा मिळतो तो आपला सुरमई. त्याचं चिंचेतलं कालवण मातीच्या भांड्यात करतात आणि मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. कारैकुडीच्या बाजूचे चेट्टियार व्यापारासाठी ब्रह्मदेश-मलायापर्यंत गेले, आणि तिकडून आलेला काळा तांदूळ, कवुनी अरिसी, आजही त्यांच्या लग्नात गोड म्हणून वाढतात. त्यांच्या मसाल्यात दगडफूल असतं, बडीशेप आणि मिरी भरपूर. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात दगडफूल घालणाऱ्या आईला चेट्टिनाड कोंबडी पहिल्याच घासाला ओळखीची वाटली होती. कोंगू भागात, म्हणजे कोइंबतूर-ईरोडकडे, हळद आणि खोबरं पुढे. दिंडुक्कलच्या बिर्याणीला बारीक सुवासिक सीरग सांबा तांदूळ. तेव्हा कुणी ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणालं की मनातल्या मनात विचार, आमच्याकडे म्हणजे कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या घरात. आणि दुसऱ्या घरची रीत अत्तैंपुढे दाखला म्हणून काढू नकोस. माझ्या तिरुच्चीच्या रीतीसुद्धा नकोत.

पुस्तक हवं असेल तर एकच सांगते. एस. मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तुप् पार’. १९५१ साली पहिल्यांदा निघालं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची, म्हणजे हे तिच्याही आधीचं. आपल्याकडे नव्या संसारात ‘रुचिरा’ देतात तसं तिकडे हे देत आलेत. इंग्रजीतही मिळतं. त्यातली रीत ब्राह्मणी घरातली आहे, तुझ्या सासरी काही गोष्टी वेगळ्या असतील, पण डाळ किती, पाणी किती, आधी काय, नंतर काय, हे त्यात इतकं नीट सांगितलंय की स्वयंपाकघरात पाऊल न ठेवलेली मुलगीही करू शकेल. आणि एका बाईनं त्या काळात रोजच्या स्वयंपाकाला लिहून ठेवण्याइतकं महत्त्व दिलं, याचं मला फार कौतुक आहे.

सणांचं सांगते, पण एवढंच, की बहुतेक ठिकाणी तुझा हात आधीच तयार आहे. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, त्यामुळे तारखा आपल्यापेक्षा वेगळ्या पडतात, घाबरू नकोस.

लग्नानंतर आधी येईल आडी, जुलैच्या मध्यावर. नव्या नवरीला या महिन्यात माहेरी नेतात, म्हणजे तू आपल्या घरी. आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी येतं त्याचा उत्सव, आडी पेरुक्कु. तू त्या दिवशी माझ्याकडे तिरुच्चीला ये. श्रीरंगमला अम्मा मंडपम म्हणून घाट आहे, तिथं बायका नदीची पूजा करतात आणि घरून आणलेले कालवलेले भात खातात. चिंचभात म्हणजे पुळियोदरै, लिंबूभात, नारळीभात, दहीभात, गोड पोंगल. पुळियोदरैचं चिंच-तिळतेलाचं मिश्रण आदल्या दिवशी करून ठेवायचं आणि भात मोकळा, गार करून मग कालवायचा. हा भात तुला शिकवायची जबाबदारी माझी.

विनायक चतुर्थीला कोळुक्कट्टै. उकडीचे मोदक येतात ना तुला, मग संपलं. फक्त गोड खोबऱ्याच्या सारणाबरोबर उडदाच्या वाटलेल्या डाळीचं तिखट सारणही करतात, ते मात्र शिकावं लागेल. नवरात्रात बाहुल्यांचा गोलू मांडलेल्या घरी रोज एक सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, हरभरे, चवळी, मूग. कार्तिगै दीपमला चुरमुऱ्यांचे गुळाच्या पाकातले लाडू. गोकुळाष्टमीच्या सीडै तळताना मात्र फार जप. तांदळाच्या पिठाच्या त्या छोट्या गोळ्या, आत दमटपणा किंवा हवा राहिली तर कढईत फुटतात आणि तेल अंगावर येतं. पीठ चाळून घ्यायचं, गोळ्या कपड्यावर पसरून जरा सुकू द्यायच्या, फार गुळगुळीत वळायच्या नाहीत. तळायला पहिल्या वर्षी तू बसूच नकोस, वळायला बस.

दिवाळी हा तुझा मोठा सण, कारण पहिली दिवाळी माहेरी. त्यांच्यातही तसंच आहे, तलै दीपावळी म्हणतात, आपला दिवाळसणच. जावई येणार, मग आईची धांदल मला आत्ताच दिसतेय. त्यांची दिवाळी नरकचतुर्दशीचीच. पहाटे तिळाच्या तेलानं अभ्यंग, नवे कपडे, आणि पोटात पहिली गोष्ट जाते ती लेगियम. सुंठ, ओवा, मिरी, पिंपळी, धणे, जिरं वाटून गूळ, तूप, तिळतेल घालून आटवलेलं काळसर चाटण. पुढचे दोन-तीन दिवस तळणीचं खाणं सोसावं म्हणून. आईला सांग, चकल्या-शंकरपाळे तू करशीलच, पण हे चाटण वाटीभर कर. तिकडून कुणी सांगणार नाही, अपेक्षाही ठेवणार नाही, आणि त्याच पहाटे समोर आलं तर जावयाला घरच्यासारखं वाटेल. अधिरसमही करून ठेव. अनारशाचाच भाऊ आहे तो. फक्त तांदूळ थोडाच वेळ भिजवतात, दमट असतानाच दळतात, आणि गूळ कच्चा न मळता त्याचा पाक करून घालतात. खसखस लावत नाहीत. तळून काढला की दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल निथळायचं. आईला एकदा पाक दाखवला की पुढचं ती बघेल.

मग जानेवारीत पोंगल. पहिल्या पोंगलला मुलीच्या माहेरून शिधा जातो, पातेलं, तांदूळ, गूळ, ऊस, हळदीचा पानांसकटचा गड्डा, भाज्या. तिरुनेलवेलीत याला पोंगल पडी म्हणतात आणि ते मनावर घेतात. बाबांना आत्ताच कानावर घाल. अंगणात उगवतीकडे तोंड करून चूल, नव्या भांड्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधायचं, आणि दूध उतू गेलं की सगळ्यांनी ‘पोंगलो पोंगल’ ओरडायचं. मग त्यात नवा तांदूळ, मूगडाळ. गोड पोंगलला गूळ, वेलदोडा, काजू, मनुका आणि चिमटीभर खायचा कापूर. कापूर चिमटीच्या वर गेला की सगळं औषधी लागतं. तूप मोजायचं नाही. तुझ्या सासरी त्या दिवशी कंदांचाही मान असतो, शिरुकिळंगु म्हणून छोटे कंद, ताडाचे कोंब म्हणजे पनंकिळंगु, सुरण. तुला हे सगळं आधी बघायचं असेल तर मुंबईत धारावीच्या ९० फुटी रस्त्यावर पोंगलच्या दिवशी जा. बायका ओळीनं चुली मांडून पोंगल शिजवतात, आणि त्यातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव तिरुनेलवेलीच्याच बाजूला. केळीची पानं, कॉफीची पूड, सुंडक्काय माटुंग्याला मिळेल. लग्नाआधी एकदा तिथं फिरून ये, भाज्यांची तमिळ नावं कानावर पडतील.

आणि एप्रिलच्या मध्यात पुत्तांडु, त्यांचं नवं वर्ष. कैरी आणि गुळाची पच्चडी, त्यात तुपात परतलेला कडुनिंबाचा मोहोर. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या मुलीला ती जड जाणार नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामी तंजावरच्या. त्यांच्या घरी उडदाची डाळ भाजून, दळून ती दह्यात कालवतात, वर फोडणी, आणि नाव डांगर पच्चडी. मी त्यांना म्हटलं, डांगर तर आमचं. त्या म्हणाल्या, आमचंही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथं होती. पावणेदोनशे वर्षं एका गावात राहिल्यावर डांगर कुणाचं, हे कसं ठरवणार? तू डांगर करून वाढ अत्तैंना. तुझ्या हातचं आपल्याकडचंही त्या घराला मिळू दे, पिठलं, भरली वांगी, पुरणपोळी. नवी सून म्हणून नुसतं शिकत राहायचं असं काही नाही. माझ्या सासूबाई आजही पिठल्याला चिंच घालू का म्हणून विचारतात आणि मी आजही नाही म्हणते.

शेवटचं, आणि हे लगेच करायचंय. तिरुनेलवेलीत लग्नानंतर मरुवीट्टु जेवण असतं, ते मुलीकडच्यांनी द्यायचं, आणि त्यात सोदी हवीच. नारळाचं दूध तीनदा काढतात. तिसऱ्या, पातळ दुधात भाज्या शिजवायच्या, शेवगा, गाजर, बीन्स, बटाटा. मग दुसरं दूध, शिजलेली मूगडाळ, आलं-हिरव्या मिरचीचं वाटण. पहिलं घट्ट दूध अगदी शेवटी, उकळी येऊ न देता, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. नारळाचं दूध जड, म्हणून बरोबर आल्याची पच्चडी असतेच. आपला कोल्हापूरचा आचारी कितीही चांगला असला तरी हे त्याच्या हाताबाहेरचं आहे, दूध फाटेल. बाबांना सांग, त्या एका जेवणाला तिकडचाच आचारी ठरवू या. मी तिरुच्चीहून शोध सुरू करते. तू नवऱ्याला एवढंच विचारून मला कळव, त्यांच्या घरच्या सोदीत लसूण घालतात का, आणि माणसं किती येणार. नारळ त्यावरच ठरतील.